बन्सीधरचा तर्जुमा

झरी, श्रावण शुद्ध ११, शके १८५९

बन्सी, राम राम.

तू परभणीच्या कचेरीत मुतर्जिम झालास, ही खबर मुंजाजी धनगरानं आणली. बकऱ्या घेऊन बाजारात आला होता, तिथं तू त्याला शेरवानीत दिसलास म्हणं. मराठी कागदाचं उर्दू करून सायबाफुडं ठेवायचं, हेच ना तुझं काम? साळंत मास्तर उर्दूत शिव्या द्यायचा अन् आपण मराठीत रडायचो. त्याचाच आता तुला पगार मिळायलाय. नशीब काढलंस गड्या!

सोबत आमच्या गणपतीच्या मेळ्याची पदं धाडायलो. हुकूम तुला ठाऊकच हाय. एकेक पद आधी कचेरीत द्यायचं, त्याचा उर्दू तर्जुमा सायेब वाचणार, शिक्का पडला तरच गायचं. पहिलंच पद बघ:

घोडं सायबाचं सावलीत, बाप माझा उन्हात,
फेक गड्या गठुडं खाली, किती वाकशील जन्मात.

हे कोणाचं हाय, तुला सांगायला नको. बाबाला तापात वेठीला धरून नेलं होतं, दौऱ्यावरच्या सायबाचं सामान वाहायला. गठुडं पडलं, आतली बशी फुटली, अन् चावडीफुडं समद्या गावादेखत त्याला खेटरानं हाणलं. बाबा घरी आला अन् आईला हासून म्हणाला, "पाय घसरला." त्याचं ते हासणं मला अजून झोपू देत न्हाई. त्या सायबाला मी काय करणार? माझ्या हातात काठी बी न्हाई. म्हणून लिहितो.

तुला एकच सांगणं. माझ्या एका बी शब्दाची धार बोथट करू नको. सायबाला वाचताना घाम फुटला पाहिजे. बंदी आली तर येऊ दे.

तुझा,
चंद्रभान


परभणी, २४ ऑगस्ट १९३७

चंदर,

मंजुरीचा कागद मुंजाजीपाशी दिला आहे. सगळ्या पदांवर शिक्का पडला. साहेबांनी एकही ओळ खोडली नाही.

आता माझ्या दोन गोष्टी ऐक. पदाच्या आधी भाषण ठोकायचं नाही. आणि झांजा दणकून वाजवायच्या. मेळ्याला पोलिसांचे अमीनसाहेब येऊन बसतील. ते हैदराबादेहून नवे आलेत, मराठीचं एक अक्षर त्यांना कळत नाही. त्यांच्या हातात माझा उर्दू कागद असेल, तो वाचत ते माना डोलवतील. त्यांना डोलू दे. तू त्यांच्याकडे बोट करून काही म्हणू नकोस, एवढी मेहरबानी कर.

तर्जुम्याला लय कस लागला. तुझी चार कडवी तर उर्दूतही चारच लागतात, साहेब मोजून बघतात. जास्त लिहीत नाही. कागद कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही.

तुझ्या बाबांचं वाचलं आणि जेवण गेलं नाही. घरात नर्मदेनं विचारलं काय झालं, तर मीही हसून काहीतरी सांगितलं.

बन्सीधर


झरी, भाद्रपद वद्य ३, शके १८५९

बन्सी,

मेळा दणक्यात झाला. पण माझ्या जिवाला चैन न्हाई.

"फेक गड्या गठुडं" म्हणताना मांडवातली माणसं उठून उभी राहिली. माझी आई, पार्वतीबाई, जी कधी चारचौघांत बसत न्हाई, ती पदर तोंडाला लावून रडली. अन् पहिल्या रांगेत तुझा अमीन! हातात कागद, तोंडात पान. पद संपलं तसा म्हणतो कसा, "वाह वाह, क्या खूब!" अन् आपल्या हातानं माझ्या गळ्यात हार घातला. बन्सी, ज्यांच्या नावानं मी बोटं मोडायलो, तेच माझ्या गळ्यात हार घालायलेत! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

तिकडं पिंगळीच्या आश्रुबाचं बघ. त्यानं आमच्याहून अर्धं बी कडक लिहिलं न्हाई. एका ओळीपायी त्याच्या मेळ्यावर बंदी आली, तर लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन टेसणापासून गावापर्यंत मिरवला. आता जो तो म्हणतो, खरा शाहीर आश्रुबा. मला इच्यारतात, "का हो चंद्रभान, तुमच्या पदावर सरकार लय खूश दिसतंय?"

खरं सांग. माझ्या लिखाणात जोर न्हाई का? सायबानं वाचून कपाळाला एक आठी बी घातली न्हाई?

चंद्रभान


परभणी, ५ ऑक्टोबर १९३७

चंदर,

तुला पद गायचं आहे का बंदी पाहिजे आहे, ते आधी ठरव. आश्रुबाचं पद कोणी ऐकलं? मिरवणूक निघाली, पण त्या पदाचे दोन शब्द कोणाला म्हणून दाखवता येत नाहीत. तुझं पद परवा आमच्या आडावर बाया पाणी शेंदताना म्हणत होत्या. मी बादली घेऊन उभा राहिलो तर गप्प झाल्या. मी कचेरीतला ना! मला लय हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं.

साहेबांबद्दल विचारतोस. साहेबांना शायरीचं वेड आहे. तुझी पदं त्यांनी घरी नेली, बेगमसाहेबांना वाचून दाखवली म्हणे. तू चिडशील म्हणून सांगणार नव्हतो.

शाळेत मीही चार ओळी जुळवायचो, तुला आठवतं का? तू वाचून म्हणाला होतास, "बन्सी, हे पाण्यात भिजवलेल्या भाकरीसारखं लागतंय." तेव्हापासून मी सोडून दिलं होतं. सध्या हात पुन्हा चालू झाला आहे. वाचणारा एकच माणूस आहे, पण तो मन लावून वाचतो.

आमची पोरगी सुमन आता चुरुचुरु बोलते. सगळ्यात आधी "न्हाई" म्हणायला शिकली होती. तिच्यात तुझा गुण उतरलेला दिसतो.

बन्सीधर


झरी, आषाढ वद्य ६, शके १८६०

बन्सी,

वर्ष झालं. यंदाची पदं धाडायलो. यंदा आडपडदा ठेवलेला न्हाई. वेठ, सारा, हवालदाराचा मार, समदं नाव घेऊन लिहिलंय. दोन पदांत तर "हे राज्य बुडवा" म्हणूनच सांगितलंय. यावर बी शिक्का पडला तर मी लेखणी मोडून नांगर धरतो, बघ.

आमचे पुढारी माणिकराव म्हणतात, सरकार ज्याला हात लावत न्हाई तो एकतर येडा नाहीतर त्यांचा माणूस. हे माझ्या तोंडावर म्हणाले. गावात कुजबूज हाय की माझा मैतर कचेरीत हाय म्हणून मला सोडतात. तसं काही असंल तर सांग. तुझ्या वशिल्यावर मला शाहीर व्हायचं न्हाई.

चंद्रभान


परभणी, १२ ऑगस्ट १९३८

चंदर,

हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल. हात जोडून सांगतो.

यंदाही सगळी पदं मंजूर झाली. पण त्याहून मोठी भानगड झाली आहे. हुजुरांच्या सालगिरहेचा, म्हणजे वाढदिवसाचा, जलसा आहे. जिल्ह्यातल्या शाहिरांमधून साहेबांनी तुला निवडलं आहे. शाल मिळणार, आणि साहेब स्वतः तुझ्या पदाचा तर्जुमा सगळ्यांपुढे वाचून दाखवणार. मी परोपरीनं सांगितलं की तो खेडवळ माणूस आहे, त्याला रीतभात कळत नाही. साहेब म्हणाले, जो असं लिहितो त्याला रीतभात कशाला पाहिजे?

चंदर, तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. आता मागतो. येऊ नकोस. दुखणं काढ, परगावी जा, काहीही कर. यावंच लागलं तर शाल घे, मान लव आणि माघारी जा. जे ऐकशील ते ऐकून घे. एक अक्षर बोलू नकोस. का, ते भेटीत सांगेन. शेतातल्या बांधावर बसून सांगेन आणि तू मला जोड्यानं मार, मी खाईन.

तुझा,
बन्सी


झरी, भाद्रपद शुद्ध १२, शके १८६०

बन्सीधर मुन्शी यांस,

"तुझा" असं लिहायचं आता कारण न्हाई.

मी जलशाला आलो. मी भितो असं कोणी म्हणू नये म्हणून आलो. तुझा सायेब उभा राहिला अन् त्यानं वाचलं. मी उर्दू साळंतच शिकलोय, हे तू इसरलास का? माझा बाप उन्हात राबतोय, म्हणून हुजुरांच्या मेहरबानीचा ढग येऊन त्याच्या डोक्यावर छत्री धरतोय! बाप हात जोडून त्या ढगाला दुवा देतोय! अन् खाली नाव कोणाचं? चंद्रभान, मुक्काम झरी. लोक वाह वाह करायले. माझ्या बापाला त्या लोकांनी खेटरानं मारलं, अन् तू त्याला त्यांच्याफुडं हात जोडायला लावलंस. दोन वर्षं. माझ्या नावानं.

शाल खाली टाकली अन् वरडलो, "हे माझं न्हाई! माझं हे हाय!" अन् पद म्हटलं, उर्दूत अर्थ सांगून म्हटलं. सायबाचं तोंड पांढरंफटक पडलं. तू कोपऱ्यात उभा होतास. माझ्याकडं असा बघायलास, जसं काही मीच तुझं वाईट केलं.

मला कोठडीत घातलं. माणिकरावांनी माणसं जमवली, मला जामिनावर सोडलं, वर्षभर गायला बंदी केली. झरीच्या शिवेपासून लोकांनी मला खांद्यावर आणलं. कोठडीत बसून मी तुझ्यावर पद केलं. आता गावात लहान-थोर समदे तेच म्हणायलेत. तुझ्या कानावर आलं नसंल तर ऐक:

मीठ खाल्लं झरीचं, अन् गुण गातो कचेरीचा,
बन्सी मुन्शी झाला बाई, कुत्रा सायबाच्या दारीचा.

याचा तर्जुमा कर.

चंद्रभान


परभणी, कैदखाना, १९ ऑक्टोबर १९३८

चंदर,

शिपाई ओळखीचा आहे, म्हणून हा कागद बाहेर येतोय. तुझं पत्र नर्मदेनं पोचवलं. मी कुठं आहे हे तुला कोणी सांगितलं नसावं, नाहीतर तू असं लिहिलं नसतंस. जलशाच्या दुसऱ्या दिवशी मला धरलं. सरकारला फसवल्याचा गुन्हा लावला.

तू का लिहितोस ते तू मला पहिल्या पत्रात सांगितलंस. मी का लिहिलं ते आता सांगतो. तुझं पहिलं पद टेबलावर आलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं. होतं तसं उर्दूत घातलं असतं तर पद दप्तरात गेलं असतं आणि तू आत. ओळ गाळता येत नव्हती, कडवी मोजतात. मग त्या जागेवर दुसरं काहीतरी लिहावंच लागलं. सरकारला गोड लागेल असं. वर सरकारनं ढग वाचावा आणि खाली झरीच्या मांडवात लोकांनी गठुडं फेकावं. आणि तसंच झालं की नाही? पद गायलं गेलं. माणसं उठून उभी राहिली, तूच लिहिलंस.

पण खोटं बोलत नाही. पुढे पुढे मला गोडी लागली. साहेब वाचून "वाह" म्हणायचे, ते तुझ्या नावाला असलं तरी ओळ माझी होती. त्या ढगावर मी तीन दिवस घालवले. साध्या चार ओळी लिहिल्या असत्या तर साहेबांनी जलशात वाचल्या नसत्या. जीव ओतून लिहिलं, तेच नडलं. तुझ्या बाबांना हात जोडायला लावले, त्याबद्दल मात्र मला माफ कर. ती ओळ लिहिताना मला लाज वाटली होती.

कोर्टात मी सांगितलं आहे की मला खेड्यातली मराठी नीट समजत नाही, म्हणून चूक झाली. शाळेत मराठीत पहिला येणारा मी! वकील म्हणतात, असंच म्हणत राहा, सहा महिन्यांत सुटशील. जाणूनबुजून केलं असं सिद्ध झालं तर काही खरं नाही. म्हणून मी तुझ्यासाठी केलं, हे तू बाहेर कोणाला सांगू नकोस.

एकच कर. ते पद थांबव. नर्मदा आडावर गेली की बाया बादली उचलून बाजूला होतात. दारावर शेण मारतात. घरमालकानं खोली सोडायला सांगितली आहे. माझं मी भोगतो, तिनं काय केलं? तू लिहिलंस, तूच थांबवू शकतोस.

मला इथं खोकला झाला आहे. फार नाही.

बन्सी


झरी, माघ शुद्ध ९, शके १८६०

बन्सी,

तुझं पत्र वाचून मी काय झालो ते लिहिता येत न्हाई. चार दिवस अन्न गोड लागलं न्हाई. आई इच्यारायली तर काय सांगू? तुझी आण हाय म्हणून तोंड शिवून बसलो.

पण हातावर हात ठेवून बसलो न्हाई, हे सांगतो. आधी आमच्या पोरांना दम दिला, हे पद म्हणायचं न्हाई. पोरं म्हणतात, "का? सरकारनं बंदी केली का?" अन् दुप्पट जोरानं म्हणतात. पिंगळीला गेलो, तिथं आश्रुबाच्या मेळ्यानं त्याला आणखी दोन कडवी जोडलीत, माझ्याहून घाण. माझं पद हाय, बंद करा म्हटलं, तर आश्रुबा हासला. म्हणाला, "आता कुठलं तुझं? आता ते लोकांचं."

माणिकरावांपाशी गेलो. म्हटलं, बन्सीधर वाईट न्हाई, एवढंच सभेत सांगा. ते म्हणाले, "चंद्रभान, असंल बी. पण लढ्याला जसा वाघ लागतो तसा फितूर बी लागतो. लोक आत्ता कुठं तापलेत, त्यांच्यावर पाणी ओतू नका." अन् वर मलाच म्हणाले, शाल नाकारून शेवटी पस्तावलात की काय?

मग मी त्याच चालीवर दुसरं पद केलं. मैतरावर. तुझं नाव न घालता. बन्सी, आजवर केलं त्यात ते समद्यात चांगलं हाय, देवाशपथ. भजनाच्या मंडळींना शिकवलं. त्यांनी दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हणाले, "शाहीर, यात मजा न्हाई. ते मुन्शीचं म्हणू." अन् माझ्याच ओसरीत, माझ्याफुडं ते म्हटलं.

मला वाटायचं, लिहिणाऱ्याच्या हातात ताकद असती. आग लावायची ताकद हाय रे, इझवायची न्हाई. बाबाचा राग काढायला मी लेखणी धरली, अन् ते खेटर नेमकं तुला बसलं.

आता मला मोकळं कर. खरं काय ते सांगू दे. चावडीवर उभा राहून सांगतो, कोर्टात सांगतो, मला काय सजा व्हायची ती होऊ दे. तुझं उत्तर येईपर्यंत थांबतो. लवकर लिही. तुझा खोकला कसा हाय?

तुझाच,
चंदर


परभणी, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, शके १८६०

चंद्रभान भाऊजींना नर्मदाबाईचा नमस्कार.

अक्षर वाईट हाय, समजून घ्यावं. ह्यांनी शिकवलं तेवढंच येतं.

तुमचं पत्र आलं तव्हा हे घरी होते. खोकल्यात रगत पडायला लागलं तसं तुरुंगवाल्यांनी आणून सोडलं. मी तुमचं पत्र वाचून दाखवलं. अडखळत वाचलं, पण समदं वाचलं. ऐकून म्हणाले, "चंदरला लिही, आता सांगितलं तरी चालंल." दुसऱ्या दिवशी लिहू म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते राहिले न्हाईत. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी गेले.

खांदा द्यायला गल्लीतलं कोणी आलं न्हाई. मुंजाजी बाजारात आला होता, त्याला कळलं तसा तो बकऱ्या सोडून आला. त्यानं आणखी तिघं धनगर आणले. कचेरीतलं कोणी आलं न्हाई. तिथं हे सरकारला फसवणारे, अन् गल्लीत सरकारचे कुत्रे. दोन्हीकडून माझ्या माणसाला कोणी आपलं म्हटलं न्हाई.

तुमी आता काय बी सांगा, भाऊजी. मी आडवी येत न्हाई. मी मुंजाजीला खरं सांगून बघितलं, त्यानं ऐकलं अन् बाजारात चार माणसांना सांगितलं. लोक म्हणाले, बायको असंच म्हणणार. तुमी सांगितलं तर म्हणतील, शाहिराला मैतराची माया आली. तरी सांगायचं तर सांगा.

मला तुमचा राग हाय. लपवत न्हाई. पण ह्यांना न्हवता. आजारात खिडकीखालून पोरं ते म्हणत गेली की मी खिडकी लावायला उठायचे. हे म्हणायचे, "राहू दे गं. चाल झकास बसलीय." मग मी खिडकी लावायचं सोडलं.

आमची सुमन आता चार वर्षांची झालीय. तिला अजून कशातलं काही कळत न्हाई. बाबा कुठं गेले म्हणून इच्यारती. शिमग्यात पोरांच्या मागं दिवसभर हिंडली. तिला बापाचं नाव बन्सी हाय, हे ठाऊक न्हाई, मी कधी नाव घेतलं न्हाई ना. काल सांजच्याला घरी आली, परकर नीट केला, माझ्याफुडं उभी राहिली अन् टाळ्या वाजवत ते पद म्हणून दाखवलं. शेवटपर्यंत. कुठं चुकली न्हाई. मग म्हणाली, "आई, मला समदं येतं. चांगलं म्हटलं ना?"

मी म्हटलं, हो बाळा, चांगलं म्हटलंस.

नर्मदाबाई